'तक्रार नाही'

यंदा दसरा उलटला आणि आमच्या घरी नेहमीप्रमाणे साफसफाईची धांदल सुरू झाली. "अहो, तुमची ती कोर्टाची ट्रंक या दिवाळीला तरी रिकामी करा. मला फराळाचे डबे ठेवायला जागा नाही," असा सौभाग्यवतींचा हुकूम सुटला. हा हुकूम मी निवृत्त झाल्यापासून दरवर्षी तारीख मागून पुढे ढकलीत आलो आहे. परंतु या खेपेस आमच्या नातीने पुढाकार घेतला. ती येथेच, छत्रपती संभाजीनगरात, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुने कागद म्हणजे तिला मेजवानीच. माझी परवानगी न घेताच तिने ट्रंकेचे झाकण उघडले.

आत काय होते? निरोपसमारंभाची शाल, दोन दौती, टाकांची पेटी, जुन्या पगारपत्रकांचे गठ्ठे आणि तळाशी पिवळा पडलेला एक सायक्लोस्टाइल कागद. तो तिने उजेडात धरला आणि मोठ्याने वाचला :

"आरोपी नामे ....... यास आज दिनांक ....... रोजी पोलिसांनी हजर केले. आरोपीस विचारले असता पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही असे सांगतो."

वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. "आजोबा, नाव कोरे, तारीख कोरी, आणि उत्तर तेवढे आधीच छापलेले?"

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या फौजदारी कोर्टात मी कारकून होतो. त्या कागदाचे स्टेन्सिल मीच कापले होते. सोमवारी रिमांडची रांग लागे, दर आरोपीमागे तेच वाक्य लिहून बोटे दुखत, म्हणून मी ही सोय केली होती. साहेब खूश झाले होते. शेजारच्या कोर्टाच्या कारकुनाने तर माझ्याकडून नमुना मागून नेला होता. चाळीस वर्षांत त्या कागदात काही चुकले आहे असे मला कोणी म्हटले नव्हते. ते बावीस वर्षांच्या मुलीने एका वाक्यात म्हटले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जे घोळते आहे, ते सणासुदीचे असूनही आपल्यापुढे मांडतो. विषय कडू आहे, पण तो तुमच्याआमच्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

एका मिनिटाचा प्रश्न

प्रथम हा प्रश्न विचारतात तरी कशासाठी, ते सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे अटक केलेल्या माणसास चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. यामागचा हेतू अगदी साधा आहे. ज्याने धरले त्याच्याखेरीज दुसऱ्या एका माणसाने त्या कैद्याला डोळ्यांनी पाहावे. म्हणून दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारहाण झाली का?" साऱ्या कायद्याच्या इमारतीत कोठडीतल्या माणसासाठी जी पहिली खिडकी ठेवली आहे, ती ही. ती उघडी असते फार तर एक मिनिट.

आता १९८४ सालची गोष्ट ऐका. आमच्या गावात ऐन लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या घरी चोरी झाली. सोन्याच्या पाटल्या गेल्या. दिवाळीआधी घराला चुना देण्यासाठी जो पोरगा आला होता, त्याच्यावर संशय घेतला गेला. पोरगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. चहाच्या टपरीवर जो तो म्हणत होता, "दोन तडाखे दिले की बोलेल." खोटे कशाला सांगू, मीही तेच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात आणला. मागे जमादार, बाजूला शिपाई. तो पिंजऱ्यापाशी आला तो तळपाय टेकवीत नव्हता. पावलांच्या कडांवर उभा राहत होता. साहेबांनी मान खाली घालून विचारले, "काही तक्रार?" पोरगा म्हणाला, "नाही." मी नाव भरले, तारीख भरली. उत्तर छापलेलेच होते.

दुपारी मी पाणी प्यायला व्हरांड्यात आलो, तर तो तेथेच भिंतीला टेकून बसलेला. शिपाई विडी ओढायला पलीकडे गेला होता. मी हळूच म्हणालो, "अरे, सांगितलं का नाहीस?" त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काही अजाण लेकरू आहे. म्हणाला, "सायेब, इथून परत तिथंच जायचं हाय ना?"

पोलीस कोठडी चार दिवसांची मिळाली होती. ज्यांची तक्रार करायची, त्यांच्याच ताब्यात पुन्हा जायचे, आणि तेही त्यांच्यादेखत तक्रार करून! अशा वेळी 'नाही' या शब्दाचा अर्थ 'मारले नाही' असा होत नाही. तो पोरगा जामीनदार न मिळाल्याने पुढे चौदा महिने कच्चा कैदी म्हणून तुरुंगात राहिला. तीन वर्षांनी पुराव्याअभावी सुटला. पाटल्या कधीच सापडल्या नाहीत. म्हणजे त्या गृहस्थांनाही न्याय मिळाला नाही, आणि पोराचे पाय गेले ते गेलेच.

परभणीहून घाटीपर्यंत

हे जुने झाले, असे तुम्ही म्हणाल. मीही नातीला तेच म्हणालो. त्यावर तिने उच्च न्यायालयाच्या एका निकालाचे कागद माझ्यापुढे ठेवले. जालना रस्त्यावरच्या आपल्याच खंडपीठाचा, ४ जुलै २०२५ चा निकाल.

प्रकरण आपणांस ऐकून ठाऊक असेल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी नावाचा पस्तीस वर्षांचा तरुण होता. तो कायद्याचा विद्यार्थी. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. आणि १५ डिसेंबर रोजी तो मरण पावला.

शवविच्छेदन येथे, आपल्या घाटीत झाले. या शहरात ज्याच्या घरचे कोणी घाटीच्या पायऱ्यांवर रात्र काढून आले नाही, असे कुटुंब विरळा. तेथील डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहिले, ते अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे. उलट, विधानसभेत सरकारतर्फे सांगितले गेले, की दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा सोमनाथने मारहाण झाल्याचे सांगितले नव्हते.

हे वाचले आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. म्हणजे एका बाजूला देहावरच्या जखमा, आणि दुसऱ्या बाजूला तेच एक वाक्य! सायक्लोस्टाइलच्या जागी संगणक आला असेल, पण वाक्य तेच. ते वाक्य कोणत्या परिस्थितीत बोलले जाते हे मी चाळीस वर्षांपूर्वी व्हरांड्यात ऐकलेले आहे.

कोठडीत मृत्यू झाला, तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी केलीच पाहिजे, असा कायदा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १९६ व्या कलमात आहे. परभणी प्रकरणी अशी चौकशी झाली आणि अहवालात पोलिसांवर ठपका आला. पण पुढे काय? येथेच घोडे अडते. अहवाल आल्यावर गुन्हा कोणी नोंदवायचा, तपास कोणी करायचा, याविषयी कायदा काहीच बोलत नाही. चौकशी होते, अहवाल होतो, कपाटाला कुलूप लागते.

सोमनाथच्या आई विजयाबाई सूर्यवंशी हाच प्रश्न घेऊन खंडपीठात आल्या. अॅडव्होकेट प्रकाश आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि न्यायमूर्ती संजय देशमुख यांनी आदेश दिला, की आईच्या तक्रारीवरून आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्या. राज्य सरकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी तेथेही सरकारला नकार मिळाला.

कोण दोषी आणि कोण निर्दोष हे साक्षीपुराव्यावरून न्यायालयच ठरवील. ते सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या कारकुनाला नाही. माझे म्हणणे एवढेच, की केवळ गुन्हा *नोंदवला जावा* म्हणून एका आईला सात महिने आणि दोन न्यायालये लागली. आपल्या घरी सायकल चोरीला गेली तर ठाणे अंमलदार त्याच दिवशी कागद पुढे ओढतो.

त्याच जिल्ह्यातील आणखी एक आई

परभणीची ही पहिली आई नव्हे. वीस वर्षे मागे जाऊ. ख्वाजा युनूस हा परभणी जिल्ह्यातील मुलगा, शिकून संगणक अभियंता झालेला, दुबईस नोकरीला. घाटकोपर येथील डिसेंबर २००२ च्या बॉम्बस्फोटाच्या संशयावरून त्याला त्याच महिन्यात अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, की त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. तो औरंगाबादला कधी पोहोचला नाही, आणि परभणीलाही परतला नाही. त्याचा मृतदेहदेखील मिळाला नाही.

त्याच कोठडीतील एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले, की युनूसला पट्ट्याने मारताना आणि तो रक्त ओकताना मी पाहिले. त्यावरून गुन्हे अन्वेषण विभागाचा तपास झाला आणि चौदा पोलिसांची नावे पुढे आली. परंतु सरकारी नोकरावर खटला भरण्यास सरकारचीच परवानगी लागते, आणि ती मिळाली केवळ चौघांविरुद्ध. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षे मुंबईच्या खेपा घालीत राहिल्या. २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांना २० लाख रुपये भरपाई देवविली. खटला मात्र रखडतच राहिला.

दोन मुलगे, दोन धर्म, दोन पिढ्या. आणि दोघांच्याही आया त्याच रेल्वेने न्यायालयाकडे निघालेल्या. कोठडीतला मार धर्म किंवा जात पाहून होत नाही, असे मी म्हणणार नाही. गरिबाला आणि एकट्याला तो आधी गाठतो हे मी पाहिले आहे. परंतु ज्या आईच्या पदरी तो पडतो, तिचे दुःख एकाच जातीचे असते.

मारून सत्य निघते काय?

आमच्या शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. संध्याकाळी बाकावर बसून मी त्यांना हे सारे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हे सगळे ठीक आहे हो, पण अट्टल गुन्हेगार गोडीगुलाबीने बोलतो काय? बॉम्ब ठेवणाऱ्याला काय चहा पाजायचा?" हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. तो खोटा नाही. त्याचे उत्तर मुंबईच्या लोकल गाड्यांत शोधावे लागते.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. जवळजवळ १९० माणसे मेली. कचेरीतून घरी परतणारी, तुमच्याआमच्यासारखी माणसे. तेरा जणांवर खटला चालला. सामान्यतः पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या पुराव्याच्या कायद्यात चालतच नाही. इंग्रजांनीही तो चालू दिला नव्हता, कारण तो कसा मिळवला जातो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे मोक्का, त्याला अपवाद करतो. तेथे अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. या खटल्यात असे कबुलीजबाब घेतले गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवले. पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. तेरावा नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटला.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. न्यायालयाने कबुलीजबाब ताडून पाहिले, तेव्हा निरनिराळ्या माणसांच्या तोंडी घातलेला मजकूर जागोजागी सारखाच आढळला. रुग्णालयांचे कागद पाहिले, तेव्हा छळ झाल्याच्या तक्रारीला बळ मिळाले. त्या कबुल्या विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालय म्हणाले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत पाठवले नाही.

सारखा मजकूर! मी नातीला म्हणालो, "बाई गं, हे तर माझेच स्टेन्सिल." ती हसली नाही.

आता हिशेब करा. एकोणीस वर्षे ती माणसे आत होती. त्यांतला एक, कमाल अन्सारी, २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात करोनाने मेला. त्याची निर्दोष मुक्तता त्याच्या मागे जाहीर झाली. आणि ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली, त्या घरांचे काय? त्यांना एकोणीस वर्षे सांगितले गेले, की गुन्हेगार सापडले आहेत. आणि एका सकाळी ते उत्तरही हातातून गेले. म्हणून मुख्याध्यापकांना माझे उत्तर असे, की चहा पाजू नका. पण मारून जे बाहेर पडते, ते मारणाऱ्याला हवे असलेले उत्तर असते. खरा चोर त्या वेळात पसार होतो. आमच्या गावच्या पाटल्या काय आणि मुंबईचे बॉम्ब काय, हिशेब एकच.

पोलिसांची बाजू मी जाणतो. बंदोबस्त करून आलेला शिपाई रात्री तपासाला बसतो. वरून साहेब विचारतो, 'माल कधी मिळणार?', बाहेरून आपण विचारतो, 'अजून कसा सापडत नाही?' दोन तडाख्यांची मागणी टपरीवर होते आणि पुरवठा ठाण्यात होतो. ती मागणी करणाऱ्यांत मी होतो.

आत गेलेल्या माणसाचे काय उरते?

एकोणीस वर्षे म्हटली की मनात येते, तुरुंगात गेलेल्या माणसाकडे हक्क म्हणून काही शिल्लक राहते काय? याचे एक सुंदर उत्तर एका मराठी पुस्तकामुळे मिळालेले आहे.

१९६२ च्या चिनी युद्धाच्या वेळी भारत संरक्षण नियमांखाली पुष्कळ माणसांना खटल्याविना स्थानबद्ध केले गेले. त्यांत प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे होते. मुंबईच्या तुरुंगात बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, असा अर्ज केला. सरकार म्हणाले, नाही. पुस्तकात राज्याला धोका काय होता? काही नव्हता. सरकारचे म्हणणे निराळेच होते : स्थानबद्धाला आम्ही नियमांत जे देऊ तेवढेच हक्क, पुस्तक पाठवण्याचा हक्क आम्ही दिलेला नाही.

उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी तेथेही सरकार हरले. तात्पर्य असे, की नियम हक्क *देत* नाहीत, काही हक्क *काढून घेतात*; आणि जे कायद्याने स्पष्ट काढून घेतलेले नाही, ते भिंतीआडही त्या माणसाचेच राहते. साठ वर्षे झाली, तरी कैद्यांच्या हक्कांचा विषय निघाला की वकील हा निकाल पुढे करतात. एक मराठी गृहस्थ, एक वही आणि अणूची माहिती यांतून एवढे उभे राहिले!

मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी. निजामाच्या राज्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले आजोबा, पणजोबा ज्यांच्या भिंतीवर तसबिरीत आहेत, अशी घरे येथे गल्लोगल्ली आहेत. १९७५ च्या आणीबाणीत 'मिसा'खाली आत गेलेले काका अनेकांना आठवतात. त्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी म्हटले होते, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे घटना दुरुस्त झाली, आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा म्हणून पुसून टाकला. थोडक्यात, आपल्याच घरची माणसे आत होती तेव्हा आपल्याला हे सारे नीट समजत होते.

आज देशातील तुरुंगांत जे कैदी आहेत, त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने संभाव्य शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद केली आहे. इतरांना अर्धा काळ. फाशी-जन्मठेपेच्या आरोपांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही. आमचा चुनेवाला पोरगा आज असता, तर कदाचित एवढे महिने राहिला नसता. कदाचित म्हणतो, कारण त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो.

कायदा आहे, आणि नाहीही

१९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घालून दिले. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. पण स्वतंत्र असा छळविरोधी कायदा आपल्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली. तो अद्याप कायम केलेला नाही. २०१० साली लोकसभेने एक विधेयक मंजूरही केले होते. ते राज्यसभेत समितीकडे गेले आणि तेथेच त्याची मुदत संपली. २०१७ साली विधी आयोगाने पुन्हा मसुदा करून दिला. तोही पडून आहे.

तोवर जे आहे ते तरी आपल्या घरात माहीत असावे. म्हणून नातीकडून तपासून घेतलेल्या या पाच गोष्टी कापून कपाटाच्या दारावर चिकटवा :

एक. अटकेचा मेमो मागावा. त्यावर वेळ, तारीख आणि एका साक्षीदाराची सही हवी. घरच्यांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

दोन. अटक झाली की वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. आधी असलेल्या आणि नव्या जखमा तेव्हाच लिहून घ्याव्यात. डॉक्टरच्या चार ओळींनी पुढे न्यायालयात जे काम होते, ते चाळीस साक्षीदारांनी होत नाही.

तीन. चोवीस तासांची वेळ घड्याळात पाहून ठेवावी, आणि रिमांडच्या वेळी घरच्या कोणीतरी न्यायालयात हजर राहावे.

चार. कोठडीतील प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मागावा लागतो इतकेच.

पाच. दंडाधिकाऱ्यांना सांगता येते, की पोलिसांना बाहेर पाठवून मला विचारा.

हा पाचवा मुद्दा नातीचा. ती म्हणाली, "आजोबा, प्रश्न बरोबर आहे. विचारणाऱ्याने मान वर करायला हवी. आधी पोलिसांना दाराबाहेर काढायचे, मग त्याला खुर्ची द्यायची, मग पाय पाहायचे. आणि 'नाही' म्हणाला तरी कोठडी देण्यापूर्वी विचार करायचा, की हा परत कुठे जाणार आहे."

तिला दंडाधिकाऱ्याची परीक्षा द्यायची आहे. पास होईल असे वाटते.

ट्रंक रिकामी झाली. शाल कोणाला तरी दिली, दौती रद्दीत गेल्या, आणि आता तिच्यात चकल्यांचे दोन डबे विराजमान आहेत. तो पिवळा कागद मात्र मी फेकू म्हटले, तरी तिने फेकू दिला नाही. तिने माझ्यासमोर कात्री घेतली आणि छापलेले उत्तर तेवढे कापून काढले. मग नाव, तारीख आणि उत्तर अशा तीन कोऱ्या जागा असलेला तो कागद तिने आपल्या कायद्याच्या पुस्तकात ठेवून दिला.